अँपिअरचा आहेर

“थांब, थांब! बटण दाबू नको!”

मल्लेशमचा बटणाकडे गेलेला हात हवेतच राहिला. नव्या मागाला झेंडूचा हार घातला होता, नारळ फुटला होता, खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले होते. आणि ऐन मुहूर्ताला दारातून आत शिरला तो रेवणप्पा वायरमन. खांद्याला कापडी पिशवी, खिशात टेस्टर, कपाळावरचे भस्माचे पट्टे घामाने पुसट झालेले.

“हा नववा माग न्हाय चालायचा,” तो म्हणाला. “आठावरच केबल तापती.”

“अरे बाबा, एका मागानं काय हुतंय?”

“एकानंच हुतंय. गाडीचा आस शेवटच्या पोत्यानंच मोडतो.”

रेवणप्पाने मेन स्विच खाली ओढला. आठही माग एकदम मुके झाले. त्याने भिंतीवरच्या केबलवर पालथा हात ठेवला आणि मल्लेशमचा हात ओढून तिथेच टेकवला. मल्लेशमने हात मागे घेतला, पण तोंड काही मागे घेतले नाही.

“वैशाख हाय. सगळ्या सोलापुरालाच ताप आलाय, केबलीला कशाला न्हाय येणार?”

“तेच म्हणतोय मी. नवी केबल येऊ दे, मग तुझे दहा माग जोडून देतो. तवर नको.”

हे ‘नको’ भवानी पेठेत सगळ्यांच्या ओळखीचे होते. ईरप्पाची चाळ म्हणजे खाली मल्लेशमच्या मागांची लांबट खोली, वर भाडेकऱ्यांची बिऱ्हाडे आणि मध्ये फरसबंद अंगण. खांबावरून चाळीत येणारी केबल एकच; मागांचे मीटर वेगळे, घरांचे वेगळे, पण सगळ्यांचा भार त्या एकीवर. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात उमेदीची वर्षे काढलेला रेवणप्पा चाळीत राहायला आला तेव्हापासून बोर्डाची किल्ली आपसूक त्याच्याकडे आली होती. कुणी इस्त्री आणली की रेवणप्पा दारात. कुणी शेगडी आणली की रेवणप्पा दारात. “ही लावलीस तर ती बंद ठेव,” एवढे सांगून तो जायचा. पोरे त्याला नको-अप्पा म्हणत. मांडवाच्या रोषणाईचे काम करणारा हुसेनभाई त्यांच्याहून वर, तो भर रस्त्यात हाक मारायचा, “क्या नक्को मामू, आज किसकू नक्को बोले?”

रेवणप्पाला त्याचा राग येत नसे. गिरणीत एकदा तापलेल्या वायरीने रुई पेटलेली त्याने पाहिली होती. पण भीतीपेक्षा त्याच्या मनात वायरींबद्दल मायाच जास्त होती. मुके जनावर ‘पुरे’ म्हणू शकत नाही, ते आपण ओळखायचे असते, असे तो म्हणे.

त्याच वैशाखात त्याच्या दानम्माचे लग्न होते.

दानम्मा एकुलती एक. बालवाडीत शिकवायची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. अक्कलकोटच्या पाहुण्यांनी बघायला आल्यावर विचारले, “काय काय येतं?” तेव्हा म्हणाली, “गव्हाची गोड हुग्गी येती, कडक भाकरी येती, आणि फ्यूज बांधाया येतो.” मुलाचे वडील वीरभद्रप्पा इतके मोठ्याने हसले, की वरच्या मजल्यावरची माणसे कठड्याशी आली. धान्याचा व्यापार, देह पोत्यासारखा भरदार, आवाज त्याहून भरदार. मुलगा पंचाक्षरी मात्र अबोल. तो नुसता दानम्माकडे बघून हसला आणि लग्न ठरले.

निघताना वीरभद्रप्पा म्हणाले, “व्याही, आमाला देणं न्हाय, घेणं न्हाय. पण मांडव उजळला पाह्यजे बघा. अंधारात अक्षता टाकल्या तर नवरा-नवरी सोडून लगीन लावणाऱ्या स्वामींच्या डोक्यावर पडत्यात!”

सगळे हसले. रेवणप्पाही हसला. पण पाहुणे गेल्यावर तो जमिनीवर खडू घेऊन बसला.

केबलच्या कोष्टकात चाळीस अँपिअर होते. पण कोष्टक लिहिणारा थंड हवेत बसला असावा. ही केबल तापल्या पत्र्याखालून येत होती, आणि दुसऱ्या वायरींच्या जुडग्यात आवळलेली होती. आतली ऊब बाहेर पडायला वाट नव्हती. रेवणप्पाने चाळिसावर काट मारून संध्याकाळपुरते तीस लिहिले; भर दुपारी पत्रा तापला की तेवढेही झेपत नसत. त्यातले बारा मागांचे, दहा घरांचे. उरले आठ. आठांत मांडवाला चार ट्यूब, थोडे बल्ब आणि भोंगा, बस. हुसेनभाईची पुरती रोषणाई, म्हणजे कमान, माळा, नावाची पाटी, सगळे धरले तर पंचवीस लागत होते.

“चार ट्यूब बास झाल्या, अप्पा,” दानम्मा खडूचे आकडे बघून म्हणाली. “जेवताना पानातलं दिसलं म्हंजे झालं.”

ती हसत म्हणाली खरे, पण गड्ड्याच्या जत्रेत लहानपणी खांद्यावर बसून दिव्यांच्या कमानी बघताना हीच पोर ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणत माघारी फिरायला लावायची, हे रेवणप्पाला आठवले. त्याने खडू खाली ठेवला.

कस्तुराबाई चुलीपाशी बसून सगळे ऐकत होती. नवऱ्याने जन्मभर दुसऱ्यांची घरे उजळली आणि स्वतःच्या पोरीसाठी हा माणूस आठावर अडला, हे तिला काही केल्या गिळवेना.

“मल्लेशमभाऊला म्हणावं, एक संध्याकाळ माग बंद ठेव.”

“कुठल्या तोंडानं म्हणू? त्याचा नवा माग मीच अडवून ठेवलाय. हार सुकला त्याच्यावरचा. आन आता मी जाऊन आठ बंद कर म्हणू?”

“व्हय, म्हणा की. इतकी वर्षं वायरीला हात लावून इचारलासा, तुला किती झेपंल म्हणून. माणसाला एकदा तोंडानं इचारून बघा. त्याला किती झेपंल ते तोच सांगंल.”

रेवणप्पाने खडूचे आकडे पुसून टाकले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली गेला. मागांच्या खडखडाटात उभा राहिला. सुताचा भाव विचारला. चादरींना यंदा मागणी कशी आहे, ते विचारले. मल्लेशमने त्याच्यासाठी चहा मागवला. चहा संपला. रेवणप्पा कप धरून तसाच उभा.

“काय रे,” मल्लेशम म्हणाला, “आज कुठल्या वायरीला बघाया आलास?”

“वायरीला न्हाय.” रेवणप्पाने रिकामा कप हातात फिरवला. “तुला मागाया आलोय. दानम्माच्या लग्नादिवशी सांजच्याला… माग बंद ठेवशील का? मला तुझे बारा अँपिअर पाह्यजेत.”

मल्लेशमने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग हातातले धोटे खाली ठेवले, आणि तोंड लांब करून एकच शब्द बोलला.

“नको.”

रेवणप्पाचा चेहरा उतरला. “बरं,” म्हणत तो वळला. तोच पाठीवर असा सणसणीत हात पडला, की कप खाली पडता पडता वाचला. मल्लेशम पोट धरून हसत होता.

“किती वर्षं ऐकतोय रे हे नको! एकदा मला म्हणायचं हुतं! एकदाच!” त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. “आरं, पोरगी काय तुझ्या एकट्याची हाय? ह्या मागांच्या आवाजावर झोपली ती पाळण्यात. बंद ठेवतो. दुपारपास्नंच बंद ठेवतो.”

आणि तेवढ्यावर न थांबता तो अंगणात गेला आणि मान वर करून ओरडला, “आरं, खाली या सगळे! रेवणप्पा मागाया आलाय! आयुष्यात पैल्यांदा मागतोय, बघाया तरी या!”

कठडा माणसांनी भरला. रेवणप्पाला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण आता सांगणे भागच होते. त्याने अडखळत हिशेब सांगितला: आपले आठ, मल्लेशमचे बारा, झाले वीस, रोषणाईला लागतात पंचवीस.

“म्हंजे पाच कमी,” वरून अंबुबाई म्हणाली. तिची इस्त्री रेवणप्पाने बऱ्याच वेळा बंद करायला लावली होती. “माझी इस्त्री आणि दोन पंखे धरा. तुमीच तर सांगून सांगून डोस्कं खाल्लंय, इस्त्री म्हंजे तीन अँपिअर. लिवा, अंबुबाईकडनं आहेर.”

मग एकच कालवा झाला. कुणी शेगडी दिली, कुणी रेडिओ दिला. कुणाची बायको म्हणाली आमचा पंखा, तर नवरा म्हणाला पंखा नको, ट्यूब धरा. त्यावर तिने त्याला भर कठड्यावर झापले. इतक्या वर्षांच्या कटकटीने अख्ख्या चाळीला आपल्या घराचे अँपिअर तोंडपाठ झाले आहेत, हे रेवणप्पाला त्या दिवशी कळले. शेवटी निंगव्वा आली. कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी. तिच्याकडे सगळा मिळून एक बल्ब.

“माजा येकच हाय बाबा. त्येचं किती हुतंय?”

“लई थोडं हुतंय, निंगव्वा. राहू दे तुझा.”

“का राहू दे? मी काय परकी हाय?”

रेवणप्पाने मान खाली घातली. “धरला, निंगव्वा,” तो म्हणाला. मग बोटावर तिचाही बल्ब मोजून घेतला.

घरांचे दहाच्या दहा आले. हुसेनभाईला निरोप गेला, तेव्हा त्याला आधी खरे वाटेना. “पूरी रोशनाई? नक्को मामू बोले?” म्हणत तो हातगाडीवर माळांचे ढीग घेऊन स्वतः हजर झाला.

लग्नादिवशी दुपारी माग थांबले. चाळ इतकी शांत कधी कुणी ऐकली नव्हती. अंगणात शिजणाऱ्या हुग्गीचा रटरट आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता. ऊन उतरल्यावर रेवणप्पाने नवे धोतर खोचून मेन वर केला. कमान उजळली, माळा उजळल्या, ‘दानम्मा – पंचाक्षरी’ अशी लाल-हिरवी पाटी उजळली. पोरे किंचाळली. कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला. रेवणप्पाने मात्र अर्धा तास दिवे तसेच जळू दिले, मग मेन पाडून केबल हाताने चाचपली. ऊब होती, ताप नव्हता. चाळिसाचे तीस केले होते ते योग्यच होते. पाच अँपिअर हातचे राखून ठेवलेले होते, तेही बरे होते.

इतक्यात अक्कलकोटचे वऱ्हाड आले, आणि वऱ्हाडाच्या मागून टेम्पो आला. त्यातून चौघांनी मिळून एक भले मोठे चक्र उतरवले. बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट, भर चक्रावर बल्बच बल्ब, मध्ये रंगीत आरशांची नक्षी, मागे फिरवायला मोटार.

“व्याही!” वीरभद्रप्पा गरजले. “हे आमच्याकडनं! जत्रेतनं मागून आणलंय खास. लावा कमानीच्या वर!”

टाळ्या पडल्या. रेवणप्पाने चक्राभोवती एक फेरी मारली. बल्ब डोळ्यांनी मोजले, मोटारीवरची पट्टी वाचली. आठ अँपिअर तरी नक्की. हातचे पाच घालूनही तीन वर जात होते. आणि हातचे पाच खर्चायचे नसतातच.

त्याने मोटारीवरची पट्टी पुन्हा एकदा वाचली. आजवर ‘नको’ म्हणायला त्याला इतके जड कधी गेले नव्हते. समोर मुलीचा सासरा होता, शे-दीडशे पाहुणे होते, आणि जिन्याच्या दारात हळदीच्या अंगाने दानम्मा उभी होती.

“व्याही,” तो म्हणाला, “हे न्हाय लावता येणार.”

टाळ्या थांबल्या. हुसेनभाई जवळ येऊन कानाशी लागला, “मामू, एक शाम की तो बात है. फ्यूज जरा मोटा डाल देते. कुछ नै होता.”

“फ्यूज म्हंजे राखणदार हुसेनभाई. त्यालाच झोपवायचं आन घर उघडं टाकायचं?” मग तो वीरभद्रप्पांकडे वळला. “तुमी धान्याची माणसं. पौषात बैल दहा पोती वढतो, तोच बैल वैशाखात दुपारी किती वढंल?”

“सात. फार तर आठ,” वीरभद्रप्पा म्हणाले. कपाळाला आठी होती, पण उत्तर आपोआप आले.

“आन अंगावर घोंगडं टाकून, दाटीत उभा करून?”

“मग सात बी न्हाय.”

“ही केबल तशी हाय. पत्र्याखाली, दाटीत, वैशाखात. तिच्यावर तिच्या आवाक्यातलं सगळं लादलंय मी. ते बी चाळीतल्या माणसांनी आपले दिवे इझवून दिलं, तवा. आता वर घातलं तर कदाचित न्हाय बी काही व्हायचं. पण मांडवाचं कापड हाय वर, खाली लेकरं हायेत. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं.” तो हात जोडायला गेला.

वीरभद्रप्पांनी ते हात मध्येच धरले. त्यांनी मान वर करून चाळीकडे पाहिले. इतका वेळ त्यांच्या लक्षातच आले नव्हते: खाली सगळा लखलखाट, आणि वर एकाही खिडकीत दिवा नव्हता. अंधारात नुसते चेहरे दिसत होते.

“ह्या सगळ्यांनी?” त्यांनी हळूच विचारले. त्यांना हळू बोलता येते, हे वऱ्हाडालाही नवीन होते.

“सगळ्यांनी.”

“मग ह्या चक्राचं काय करू? परत न्यायाला लाज वाटती मला.”

जिन्याच्या दारातून आवाज आला, “मामंजी, बल्ब लावू नका. हातानं फिरवा की. आरसे हायेत त्याला.”

क्षणभर सगळे नवरीकडे बघत राहिले. नवरीने लग्नाआधी सासऱ्याला सगळ्यांदेखत असे सुचवायचे असते का, या विचारात दोन म्हाताऱ्या होत्याच; पण पंचाक्षरी फेटा सावरत उठला आणि त्याने चक्राला खांदा दिला. सगळ्यांनी मिळून ते कमानीशेजारी उभे केले. वीरभद्रप्पांनी उपरणे कमरेला बांधले, बाह्या सारल्या आणि चक्राला गिरकी दिली.

माळांचा उजेड आरशांवर पडला आणि लाल, पिवळे, निळे ठिपके उडाले. अंगणावर, पाहुण्यांच्या फेट्यांवर, आणि वरच्या काळोख्या भिंतींवर तर असे काही, की दिवे असते तर दिसलेही नसते. कठड्यावरचे चेहरे रंगीत झाले. निंगव्वा पदरात ठिपके पकडायला लागली. वीरभद्रप्पा घामाघूम होऊन फिरवत होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते. “मोटार किती घोड्यांची हुती हो?” मल्लेशम ओरडला. “अर्ध्या!” “मग तुमी एक घोडा भरताय!” त्यावर वीरभद्रप्पांचे ते गडगडाटी हसू पुन्हा चाळभर फिरले.

स्वामींनी मंत्र म्हटले, अक्षता पडल्या. स्वामींच्या डोक्यावर नाही, अगदी नेमक्या जागी. पंगती बसल्या. हुग्गीवर तुपाची धार पडली. रेवणप्पा दर थोड्या वेळाने उठून बोर्डाकडे जायचा, म्हणून शेवटी मल्लेशमने त्याला ओढून पंगतीत बसवले आणि बोर्डापाशी हुसेनभाईला उभे केले. “मैं देखता मामू. गरम हुआ तो मैं बोलता, नक्को.”

जेवणे उरकली आणि निघायची वेळ झाली. मघापर्यंत खळखळून हसणारी दानम्मा आईच्या गळ्यात पडली, मग अंबुबाईच्या, मग निंगव्वाच्या. मग ती रेवणप्पाच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात चांगला वेळ तिथेच राहिला.

“अप्पा,” ती म्हणाली, “गाडी नाक्यावर वळस्तोवर लायटी घालवू नका हां. मी मागं बघणार हाय.”

गाडी सुरू झाली. चाळीच्या बोळातून हळूहळू पुढे गेली. मागच्या काचेतून एक हात बराच वेळ हलत राहिला. रेवणप्पा कमानीखाली उभा होता. पाठीमागे अंगण उजळलेले होते आणि वर सगळ्या खिडक्या अजून काळोख्याच होत्या. कुणी आपला दिवा लावायची घाई केली नाही.  हुसेनभाई रोषणाईच्या बटणावर हात ठेवून त्याच्या इशाऱ्याची वाट बघत थांबला होता.

गाडी नाक्यावर थांबल्यासारखी झाली, आणि वळली.

रेवणप्पाने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग उपरण्याने चेहरा पुसला आणि मान वर केली.

“लावा आता,” तो म्हणाला. “लावा आपापले दिवे.”

कमान विझली. आधी अंबुबाईची खिडकी उजळली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. कोपऱ्यात सगळ्यात शेवटी निंगव्वाचा बल्ब लागला. रेवणप्पा अंधाऱ्या अंगणात उभा राहून एकेक खिडकी बघत होता. वरच्या त्याच्या स्वतःच्या खोलीत दिवा लावायला आता कुणी नव्हते; दानम्मा गेली होती, आणि कस्तुराबाई त्याच्या शेजारीच उभी होती.